दोन नांगर

धाराशिव जिल्ह्यातून समुद्र गाठायचा तर सरळ रेषेत मोजलं तरी तीनशे किलोमीटरच्या पुढे जावं लागतं. मधे अख्खा सह्याद्री आडवा. त्याने पावसाचे ढग आधीच पिळून घेतलेले असतात, आमच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. लहानपणी आम्ही पोहायला शिकलो ते विहिरीत, आणि तेही विहिरीला पाणी असेल त्या वर्षी. अशा जिल्ह्यातला माणूस शंभर वर्षांहून जुन्या शिडाच्या जहाजावर कप्तान आहे म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग फोटो मागतात.

फोटो आहेत. पण त्या फोटोंत जे दिसत नाही, त्यावरून गेल्या डिसेंबरमध्ये आमच्या घरात मोठा प्रश्न उभा राहिला. म्हणून हे लिहितोय.

आधी स्पष्ट करतो. मी पूर्णवेळ कप्तान नाही. सोमवार ते शुक्रवार अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. एप्रिल ते ऑक्टोबर हा तिकडचा शिडाच्या जहाजांचा हंगाम. त्यात जहाजाच्या मालकाला सुट्टी हवी असेल तेव्हा शनिवार-रविवार मी त्याच्या जागी उभा राहतो. वर्षाचे पंचवीसेक दिवस. एसटीत बदली ड्रायव्हर असतो ना, तसा मी बदली कप्तान.

या जहाजाच्या प्रकाराला 'त्याल्क' म्हणतात. नेदरलँड्समध्ये चांगले रस्ते आणि ट्रक येण्याआधी देशाचा बराचसा माल असल्या जहाजांतूनच हलायचा. बटाटे, बीट, धान्य, शेणखत, दलदलीतून खणून काढलेलं जळण, सगळं. पाणी उथळ, म्हणून जहाजाचा तळ सपाट. सपाट तळाचं जहाज वाऱ्याने बाजूला घसरत जातं, म्हणून दोन्ही अंगांना एकेक मोठी फळी टांगलेली असते. वारा ज्या बाजूने येतो त्याच्या पलीकडची फळी पाण्यात सोडायची, म्हणजे जहाज सरळ चालतं. या फळीला डच लोक 'झ्वार्ड' म्हणतात. झ्वार्ड म्हणजे तलवार. वाटेत पूल आला की डोलकाठी आडवी करायची, पुलाखालून जायचं, पुन्हा उभी करायची.

मागच्या टोकाला आपल्या देवघरापेक्षा जरा मोठी खोली. कप्तान, बायको, पोरं सगळी तिथेच राहायची. कालव्यात वारा पडला की बायको आणि पोरं काठावर उतरून खांद्याला दोर लावायची आणि जहाज ओढायची. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमच्या पलीकडच्या शेतातली एक चुलती आठवली. बैल मेला त्या वर्षी ती स्वतः कोळप्याला जुंपून घ्यायची.

पुढे इंजिनं आली, मग ट्रक आले. बऱ्याच जहाजांच्या डोलकाठ्या कापल्या गेल्या, कित्येक भंगारात गेली. १९६० आणि ७० च्या दशकांत काही तरुणांनी हे सांगाडे स्वस्तात घेतले, त्यांना पुन्हा डोलकाठ्या बसवल्या आणि माल नाही तर माणसं नेऊ म्हणाले. आज शाळांच्या सहली, ऑफिसांचे गट, वाढदिवस असलं सगळं त्यावर चालतं. या ताफ्याला 'तपकिरी ताफा' असं नाव आहे, कारण जुनी शिडं तपकिरी असायची. कापड कुजू नये म्हणून ते झाडाच्या सालीच्या किंवा काताच्या पाण्यात उकळायचे. कात म्हणजे तोच, आपण पानाला लावतो तो. भारत आणि ब्रह्मदेशातून तो युरोपात जायचा. मी हे वडिलांना, म्हणजे अण्णांना सांगितलं, तर त्यांनी चंचीतला काताचा खडा हातावर घेऊन थोडा वेळ नुसता बघितला. "ह्यानं शीड रंगवत्यात?" "रंगवायचे." "मग त्यास्नी बी तोंड रंगवायची सवय लागली आसंल."

मी जहाजावर आलो तो कंपनीच्या सहलीत, नऊ वर्षांपूर्वी. दोर ओढायला माणूस कमी होता म्हणून मला बोलावलं आणि मी पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो. चार वर्षं डेकवर खलाशी म्हणून काम केलं. त्या काळात डच बऱ्यापैकी आलं, कारण वारा वाढल्यावर कुणी इंग्रजीत ओरडत नाही. एन्कहाउझेन गावात शिडाच्या जहाजांची शाळा आहे. ती हिवाळ्यात भरते, कारण उन्हाळ्यात शिकणारे आणि शिकवणारे दोघेही पाण्यावर असतात. मी दोन हिवाळे तिथे काढले. प्रवासी घेऊन जायचं तर परवाना लागतो आणि शिडाचं प्रमाणपत्र वेगळं लागतं. ते मिळाल्यावर मालकाने एका शनिवारी सुकाणूचा दांडा माझ्या हातात दिला आणि स्वतः बायकोबरोबर सायकलवर निघून गेला.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं कप्तान म्हणजे सुकाणू धरणारा. दांडा तर कुणीही धरू शकतो, दहा वर्षांच्या पोरांनाही मी धरायला देतो. कप्तानाच्या डोक्याला जो खरा घोर असतो तो निघायचं की नाही याचा. आम्ही फिरतो तो आयसलमेर हा पूर्वी समुद्र होता. १९३२ साली बत्तीसेक किलोमीटरचा बांध घालून तो समुद्रापासून तोडला आणि त्याचं गोड्या पाण्याचं सरोवर झालं. खोली जेमतेम चार-पाच मीटर. उथळ पाण्यात लाटा आखूड आणि उभ्या येतात, एकीतून सावरेपर्यंत दुसरी. जहाज ते सोसतं, पण डेकवरची माणसं आणि दोर यांचा भरवसा नसतो.

एकदा जुलैमध्ये चोवीस जण आले होते, एका ऑफिसचा गट. दुपारनंतर वारा सातच्या जोराचा होईल असा अंदाज होता. मी म्हटलं, आज बाहेर जायचं नाही, आतल्या कालव्यात फिरू. एक गृहस्थ तापले. पैसे भरलेत, ऊन पडलंय, पाणी शांत आहे, तुला जमत नसेल तर मालकाला फोन कर. मी केला नाही. आम्ही कालव्यात फिरलो, बटाट्याचं सूप प्यायलो. दुपारी वारा वाढला, पण सातचा नाही, सहाच्या आसपास. गृहस्थ घड्याळ बघत होते. आम्ही गेलो असतो तर काय झालं असतं हे कुणालाच माहीत नाही. न निघण्याचा निर्णय बरोबर होता हे सिद्ध करता येत नाही, कारण जे टळलं ते कुणी पाहिलेलं नसतं.

बांधाच्या पलीकडे वाडन समुद्र आहे, तिथली भरती-ओहोटी आणखी वेगळी. ओहोटीला पाणी मागे सरकतं आणि सपाट तळाचं जहाज वाळूवर अलगद बसतं. लोक खाली उतरून जहाजाभोवती चालतात, शंख गोळा करतात. पुढचे काही तास तुम्ही जगातल्या कुठल्याही इंजिनाने हलू शकत नाही. पाणी परत येईपर्यंत थांबायचं. नवख्या माणसाला पहिल्या तासात मजा वाटते आणि तिसऱ्या तासाला तो फोनवर सिग्नल शोधत फिरतो. मला तिथे कधी कंटाळा आला नाही. असं थांबणं मी लहानपणी शेताच्या बांधावर बसून पाहिलेलं आहे.

आमचं शेत तेरजवळ आहे. चार एकर, कोरडवाहू. पाऊस पडला की लगेच शेतात शिरायचं नसतं. जमीन चिखल असताना औत घातलं तर ढेकळं होतात, आणि फार वाळू दिली तर बी उगवत नाही. दोन्हींच्या मधे एक-दोन दिवस असतात, त्याला पुस्तकात वापसा म्हणतात आणि आमच्याकडे घात. घात आली का हे अण्णा मूठभर माती दाबून बघतात. लाडू होतो का, आणि वरून सोडला तर फुटतो का. फुटला तर औत काढायचं. प्रमाण मराठीत घात म्हणजे नाश. आमच्याकडे घात म्हणजे योग्य वेळ. दोन्ही अर्थ एकाच शब्दात कसे आले ते मला ठाऊक नाही, पण शेतकऱ्याच्या घरात त्याचं कुणाला नवल वाटत नाही.

असाच दुसरा शब्द नांगर. कोकणातल्या माणसाला नांगर म्हटलं की दोन्ही आठवतं. मला बावीस वर्षं एकच माहीत होता, जमीन उलटवणारा. जहाजावर मी पहिल्यांदा लोखंडी नांगर पाण्यात सोडला आणि अण्णांना फोनवर सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "नांगर टाकून हुबं राह्यचं? आमी नांगर धरला की चालाया लागतो."

तेर हे आज गोरोबाकाकांचं गाव म्हणून माहीत आहे. वीटकामातलं जुनं त्रिविक्रम मंदिर, तेरणा नदी आणि रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं सरकारी वस्तुसंग्रहालय. शाळेच्या सहलीत आम्ही तिथल्या काचांना नाकं लावून बाहुल्या बघितल्या होत्या. हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती तेरला सापडली आहे. तिच्याशी साम्य असलेली दुसरी मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पॉम्पेईत सापडली. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच तिकडे पोचली होती. समुद्रापासून तीनशे किलोमीटर आत असलेल्या गावाचा इटलीशी काय संबंध, हे त्या वयात कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

ते मला कळलं एन्कहाउझेनच्या शाळेत. जुन्या जलमार्गांच्या तासाला शिक्षकाने 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या पुस्तकाचा उल्लेख केला. पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेली ही समुद्रप्रवासाची माहितीवजा वही. त्यात बॅरिगाझा, म्हणजे आजचं भडोच, या बंदरात दख्खनमधून माल येतो असं लिहिलंय. दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर 'तगर'. तगरहून साधं कापड, तलम कापड भरपूर येतं, आणि ते गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून आणावं लागतं. हे तगर म्हणजे आपलं तेर, असं फ्लीट या अभ्यासकाने १९०१ साली मांडलं. त्या संध्याकाळी मी एकटाच बंदरावर फिरत होतो आणि फोनवर गावाचा नकाशा उघडून बघत होतो.

पुस्तकातल्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात बसल्या. पहिली वाऱ्याची. इजिप्तहून जहाजं जुलैच्या सुमारास निघायची आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर भारतात यायची. परतायची हिवाळ्यात, ईशान्येच्या वाऱ्यावर. म्हणजे जो वारा आमच्या सोयाबीनला पाऊस आणतो, त्याच वाऱ्याने भडोचला जहाजं आणली. आमच्याकडे हुरडा भाजला जातो त्या दिवसांत ती तेरचं कापड घेऊन परत निघत. मान्सून हा शब्दसुद्धा अरबी 'मौसिम'वरून आला, म्हणजे ऋतू, ठरलेली वेळ. खलाशी आणि कोरडवाहू शेतकरी एकाच वाऱ्याची वाट बघत होते, एक पाण्यावर, एक बांधावर.

दुसरी गोष्ट कोळ्यांची. भडोचच्या खाडीत भरती-ओहोटीचा जोर इतका की नवखी जहाजं वाळूत रुतायची, फुटायची. म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जायचे आणि परक्या जहाजांना भरतीबरोबर ओढत, ओहोटीला नांगर टाकून थांबत, बंदरात आणून सोडायचे. तेवढ्या वाटेपुरते तेच कप्तान. जहाज त्यांचं नव्हतं, मालही नव्हता. पण सर्वांत अवघड तासांना सुकाणू त्यांच्याकडे असायचं. हे वाचल्यापासून मला 'बदली कप्तान' या शब्दाचं काही वाटेनासं झालं.

आता डिसेंबरचा प्रश्न.

२०२५ साली पाऊस मे महिन्यातच कोसळला. मान्सून २४ मेला केरळात आला आणि दोन दिवसांत मुंबईत. मृग निघायला अजून अवकाश होता. आमच्या शिवारात लोकांनी घाईने पेरलं. अण्णांनी बी घरात ठेवलं. मी जहाजावरून रोज फोन करत होतो आणि ते रोज एकच सांगत होते, "वारं बसलं न्हाई अजून." जूनमध्ये उघडीप पडली. आधी पेरलेल्या काहींना दुबार पेरणी करावी लागली. अण्णांनी जूनच्या शेवटी पेरलं आणि सोयाबीन टच्च उगवलं. सत्तरीतल्या माणसाचा अंदाज, अ‍ॅपशिवाय.

आणि सप्टेंबरमध्ये पूर आला. भूम-परंड्याकडे तर माणसांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. आमच्या शेतात पाणी चार दिवस उभं राहिलं आणि शेंगांना झाडावरच कोंब फुटले. घात बरोबर साधली होती, तरी पीक गेलं.

डिसेंबरमध्ये मी घरी गेलो. तिकडचा हंगाम संपलेला असतो आणि आमच्याकडे वेळ अमावस्या असते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: धाराशिव-लातूरकडे त्या दिवशी गाव ओस पडतं, सगळे शेतात. कडब्याची खोप करायची, पांडव मांडायचे, भज्जी, उंडे, आंबील, आणि येईल त्याला जेवू घालायचं. जेवणं झाल्यावर धाकट्या भावाने विषय काढला. तो पुण्यात असतो. गिऱ्हाईक आहे, भाव चांगला आहे, अण्णांचे गुडघे गेलेत, आपण दोघं बाहेर. विकून टाकू. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. गेल्या काही वर्षांचा खर्च आणि उत्पन्न त्याने फोनवर लिहून आणलं होतं.

अण्णा एवढंच म्हणाले, "इका. पर इसारपावती करताना मला बलवू नगा."

मी म्हटलं, थांबू या. भाऊ म्हणाला, "दादा, थांबून काय? अण्णांनंतर घात कोण बघणार? तू? फोनवरनं?"

याला उत्तर नव्हतं. मी जहाजाचा बदली कप्तान होऊ शकतो, कारण तिथे पूर्णवेळ माणूस आहे. हिवाळ्यात गंज खरवडणारा, दोर बदलणारा, रात्री पावसात उठून गाठी तपासणारा. मी त्याच्या जिवावर पंचवीस दिवस कप्तान असतो. शेतातही तसंच आहे. अण्णा तीनशे पासष्ट दिवस आहेत म्हणून मी हुरड्याच्या दिवसांत येऊन बांधावर फोटो काढू शकतो.

जानेवारीत आम्ही दोघं खोपीसमोर बसलो होतो. मी त्यांना फोनवर 'कौंडिण्य' दाखवलं. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात बांधलेलं, नौदलाचं. फळ्यांना खिळे नाहीत, सगळ्या काथ्याने शिवलेल्या. इंजिन नाही. २९ डिसेंबर २०२५ ला पोरबंदरहून निघालं आणि १४ जानेवारीला मस्कतला पोचलं. जुन्या जहाजांच्या परतीचे दिवस तेच.

"खिळा एक बी न्हाई?"

"नाही."

"मग शिवायचं कुणी शिकवलं ह्यास्नी?"

मी सांगितलं, केरळकडचे कारागीर आहेत, शिवणीची जहाजं बांधायची कला अजून हातात असलेले. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजी कुणीतरी धरून ठिवलं हुतं."

त्या रात्री मी जहाजाच्या मालकाला फोन केला. सांगितलं, या वर्षी मे महिन्याच्या विसाव्या तारखेपासून जूनअखेरपर्यंत मी नसेन, पेरणीला घरी जातोय. ते आठवडे म्हणजे शाळांच्या सहलींचे, त्याला माझी सर्वांत जास्त गरज असते तेव्हाचे. तो सहासष्ट वर्षांचा आहे आणि त्याच्या मुलांना जहाज नको आहे. त्याने विचारलं, "किती हेक्टर?" मी म्हटलं, दीडच्या जरा वर. "आणि घोडे किती?" मी म्हटलं, ट्रॅक्टर भाड्याने घेतो. तो म्हणाला, मला दुसरा माणूस बघावा लागेल, आणि तो चांगला निघाला तर पुढच्या वर्षी दिवस त्याला जातील, हे तुला आत्ताच सांगून ठेवतो. मी म्हटलं, कळलं. यात त्याचं काहीच चूक नाही. जहाज रिकामं ठेवून त्याचं भागत नाही.

कंपनीने पाच आठवडे घरून काम करायला परवानगी दिली आहे. घर म्हणजे धाराशिव, हे मी सांगितलंय. नेटवर्कबद्दल सांगितलेलं नाही. भावाने एक वर्ष थांबायचं कबूल केलं. आणखी नाही, एकच.

एका जूनमध्ये मला अण्णांएवढं कळणार नाही हे मलाही माहीत आहे. डेकवर मला चार वर्षं लागली होती, आणि तिथे शनिवार दर आठवड्याला येतो. घात वर्षातून एकदाच येते. पण जहाजावर मी शिकलोय ते एवढंच, की निर्णय ज्या तासाला घ्यायचा असतो त्या तासाला तिथे हजर असावं लागतं. उरलेल्या वेळी तुम्ही कुठे होता हे वारा विचारत नाही.

तिकीट काढल्यावर अण्णांना तारीख कळवली. ते म्हणाले, "ईस म्हंजी उशीर हुतंय. गेल्या साली मेमंदीच आल्ता पाऊस." मी तारीख बदलली. दंड भरला. आता चौदा मे.